वाळूच्या निऱ्या

मुरुम गावातल्या कुठल्या बाईच्या गालावर वांग आहेत, कुणाच्या हनुवटीवर गळू होऊन गेलंय आणि कुणाचं नाक मुळातच बसकं आहे, हे त्या बायकांच्या नवऱ्यांपेक्षा रुद्रम्माला जास्त ठाऊक होतं. तिचा नवरा शांतलिंग बाजारपेठेत फोटो काढायचा आणि ती मागच्या खोलीत बसून त्या फोटोंना टचिंग करायची. वांग पुसायची, गळूचा डाग बुजवायची, गालावर गुलाबी रंगाचा हात फिरवायची, लुगड्याचे काठ हिरवे करायची. निऱ्या रंगवण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकेक निरी सुटी दिसायची. उमरग्याच्या बायका मुद्दाम मुरुमला येऊन फोटो काढत, त्या शांतलिंगच्या कॅमेऱ्यासाठी नव्हे, रुद्रम्माच्या कुंचल्यासाठी. हे तिला माहीत होतं आणि शांतलिंगलाही.

दुकान पुढं आणि घर मागं. दुकानात एक पडदा टांगलेला. सोलापूरच्या पेंटरनं त्यावर समुद्र रंगवून दिला होता. निळं पाणी, दोन नारळाची झाडं आणि खाली पिवळ्या रंगाचा पट्टा, ती वाळू. समुद्र गावात कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळं कुणाची तक्रारही नव्हती. लग्न झालेली जोडपी त्या समुद्राकाठी टोप्या सावरून उभी राहत. लग्नाला, बारशाला, आणि माणूस गेला की त्याला विभूती लावून बसवतात त्या शेवटच्या फोटोलासुद्धा शांतलिंगलाच बोलावणं येई. माणूस अबोल. मान खाली घालून जायचा, काळ्या कापडाखाली डोकं घालायचा, परत यायचा.

आता रुद्रम्माचं सांगायचं, तर ती आळंदची. नवव्या वर्षी तिला देवी आल्या. जीव वाचला, डोळे वाचले, पण चेहऱ्यावर व्रण राहिले ते राहिलेच. त्यातून ओठाखाली गोंदलेले तीन हिरवे ठिपके तेवढे शाबूत. लग्नाला बारा वर्षं झाली, दोन लेकरं शाळेत जाऊ लागली, अख्ख्या तालुक्याचे फोटो त्या घरातून गेले, पण रुद्रम्माचा एकही फोटो नव्हता. तिनं कधी काढा म्हटलं नाही आणि शांतलिंगनं कधी बस म्हटलं नाही. त्यानं न म्हणणं हे तिनं आधी त्याचं चांगुलपण समजलं. पुढं पुढं ते तिला सलायला लागलं. दुसऱ्या बायकांचे व्रण बुजवता बुजवता तिच्या मनात यायचं, की हिला यानं कापडाखालून किती वेळ निरखली असेल?

तर ती जळायची. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही, रुद्रम्मा जळकी होती. कुठल्या बाईला 'जरा मान इकडं करा' असं शांतलिंग दोनदा म्हणाला, की त्या बाईच्या गालावर गुलाबी रंग जरा कमीच पडायचा.

एकसष्ट सालची दिवाळी झाली आणि शांतलिंग रोज पहाटे उठून बाहेर जाऊ लागला. छोटा कॅमेरा पिशवीत घालायचा, 'आलो' म्हणायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचा. धोतराला वाळू लागलेली. विचारलं तर म्हणायचा, "जरा फिरून आलो." ज्या माणसाला बाजारातून घरात यायचा कंटाळा, तो फिरायला लागला, हे कुठल्या बायकोला पटेल?

मग एका दुपारी, रंगाच्या वड्या शोधताना, फोटोच्या कागदाचा एक रिकामा खोका तिच्या हाती लागला. रिकामा म्हणून उघडला तर आत सात फोटो. पहिला रुद्रम्मानं खिडकीपाशी नेला.

निऱ्या होत्या. नुसत्या निऱ्या. बाईचं तोंड नाही, पाय नाहीत, काठसुद्धा नाही. तलम, बारीक, एकीला लागून एक, डावीकडून उजवीकडं वळत गेलेल्या. अशा निऱ्या जवळून, अगदी वितीवरून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. दुसऱ्या फोटोत मोकळे सोडलेले केस, धुऊन वाळत घातल्यासारखे पसरलेले. तिसऱ्यात पाठ. मधोमध पन्हाळ, दोन्ही बाजूंनी उतरती, आणि कुठंही एक डाग नाही. बारा वर्षं ती बायकांच्या अंगावरचं कापड रंगवत होती. निरी कशी पडते आणि पाठ कशी वळते हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कोण ही सटवी?

नवऱ्याला विचारायचं तिच्या ओठावर आलं, पण तिनं विचारलं नाही. विचारलं आणि तो 'व्हय' म्हणाला तर? तर मग पुढं काय? माहेरी जायचं? ही भीती मोठी होती, आणि तिनं ती गिळली. फोटो होते तसे ठेवले.

दोन दिवसांनी दूध घालायला येणाऱ्या नागूबाईनं आगीत तेल ओतलं. तिची वस्ती बेनितुरा नदीच्या पलीकडं. "काय वं रुद्रम्माक्का, तुमचं मालक नदीत काय हुडकत्यात वं? रोज दिसत्यात मला. काय हरवलंय का?"

"एकटंच असत्यात?" रुद्रम्मानं दुधाचं भांडं धरता धरता विचारलं.

"एकटंच म्हनायचं. त्या वाटंनं ती ग्रामसेविकाबाई येती तेवढी. पलीकडच्या वस्तीवर जाती न्हवं ती, बायकास्नी शिकवायला."

झालं. ग्रामसेविका म्हणजे विमलबाई. तुळजापूरची, चोवीस वर्षांची, बिनलग्नाची. सायकल हातात धरून चालायची आणि पांढरं तलम पातळ नेसायची. तलम! निऱ्यांचा हिशेब जुळला. रुद्रम्मानं पाण्याला जाताना, बाजारात, देवळात विमलबाईवर पाळत ठेवली. पाठ बघितली, केस बघितले. केस कमी वाटले, पण मोकळे सोडल्यावर कळणार कसे?

आणि नेमकी विमलबाईच दुकानात आली. वडिलांचं पत्र आलं होतं, औशाचं स्थळ होतं, कचेरीत कारकून. मुलीचा फोटो आधी पाठवा म्हणाले होते. शांतलिंगनं समुद्रासमोर तिला उभी केली, काळ्या कापडाखाली गेला, आणि रुद्रम्मा दाराच्या फटीतून दोघांना बघत राहिली. दोघंही नवखी असल्यासारखी वागली. त्यावरून तिची खात्रीच पटली. काही नसतं तर एवढं परक्यासारखं कशाला वागले असते?

फोटो टचिंगला तिच्या पुढ्यात आला. हाताशी कुंचला, काळ्या शाईची बाटली उघडी. एक तीट लावली असती गालावर तरी काम झालं असतं. कुंचला उचललाही. मग तिच्या ध्यानात आलं, की ही औशाकरांना नको झाली तर मुरुमलाच राहणार! तिनं शाईची बाटली बंद केली आणि पाटावर मांडी ठोकून बसली. सलग तीन दुपारी ती त्या फोटोवर वाकून होती. विमलबाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. गालावर असा रंग चढला, की चढलाय हे कळू नये. कपाळ जरा लहान झालं, पातळाच्या निऱ्या मोत्यासारख्या झाल्या. जिचा एवढा राग, तिला रुद्रम्मानं आयुष्यात कुणाला केलं नव्हतं इतकं सुंदर केलं. शांतलिंग फोटो हातात घेऊन उभाच राहिला. म्हणाला, "लई झाक काम केलंस." त्या शाबासकीनंही ती जळलीच. फोटोकडं बघून म्हणाला की कामाकडं बघून?

औशाकरांनी पत्रानं होकार कळवला. माघात लग्न झालं. विमलबाई पेढे घेऊन आली, रुद्रम्माच्या पाया पडली, म्हणाली, "तुमच्यामुळंच झालं हो." रुद्रम्मानं तोंड भरून आशीर्वाद दिला. एवढ्या मनापासून तिनं कुणाला सासरी धाडलं नसेल. गाडी गेली, धूळ खाली बसली, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी जाग आली तर शेजारचं अंथरूण रिकामं. खुंटीवर पिशवी नाही.

मग मात्र तिनं काही विचार केला नाही. पदर खोचला आणि नदीची वाट धरली. बेनितुरेला पाणी एका कडेनं चिंचोळं वाहत होतं, बाकी सगळं पात्र कोरडं. सूर्य नुकताच वर येत होता. आणि पात्राच्या मधोमध तिचा नवरा पालथा पडलेला, कोपरं वाळूत रुतवून, कॅमेरा डोळ्याजवळ धरून. आसपास चिटपाखरू नाही. त्याच्या पुढ्यात, वितीवर, वाऱ्यानं पाडलेल्या निऱ्या होत्या. एकीला लागून एक, डावीकडून उजवीकडं वळत गेलेल्या. पलीकडं पाणी ओसरताना ओढले गेलेले केस होते. आणि त्याच्यापलीकडं पाठ.

रुद्रम्माला हसू यायला हवं होतं. पण ती त्याच्याकडं बघत होती. तो श्वास धरून पडला होता. डोळा बारीक केला होता, जीभ दातांत धरली होती, आणि एखाद्या निजलेल्या लेकराला जाग येऊ नये असं सगळं चाललं होतं. असं त्यानं तिच्याकडं बारा वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. ती पुढं झाली.

"आगं, आगं, तिथं पाय ठिवू नगं!" तो ओरडला.

ती जागच्या जागी थांबली. तिच्या पायात काटा गेला होता, भाजलं होतं, एकदा विंचू चावला होता, तेव्हाही शांतलिंगचा आवाज असा चढला नव्हता.

"ह्ये बघायला येतावं?" ती म्हणाली. "चार म्हैनं? ह्या वाळूला?"

तो उठला, धोतर झटकलं, ओशाळला. "कुणाला सांगू नगंस. लोक म्हणतील शांतलिंगला येड लागलं, चांगला फिलम वाळूवर घालतोय. म्हणून बोललो न्हाय तुला."

"काय हाय तिच्यात येवढं?"

त्याला बोलायची सवय नव्हती. शब्द शोधत म्हणाला, "दुकानात येतंय ते म्हणतंय मला गोरं करा, बारीक करा, डाग काढा. ही काय म्हणत न्हाय. वारं आलं की बदलती. आज बघितली न्हाय तर उद्या नसती. आपल्या पडद्यावरची वाळू खोटी हाय, ही बघ." मग पात्राकडं बघत, "समुद्राला अशी लई असंल, नव्हं?"

"बाई असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या मी," रुद्रम्मा म्हणाली. "हिचं काय धरू?"

आणि ती त्या निऱ्यांवरून सरळ, पाय आपटत, पलीकडच्या काठापर्यंत चालत गेली. पुन्हा तशीच परत आली.

त्या दिवसापासून शांतलिंगचं चोरून जाणं संपलं. तो आता फोटो उघड आणायचा, तिच्यापुढं ठेवायचा. तिनं त्यात खोट काढायची. हा वाकडा आलाय, हा काळा पडलाय, ह्याला काय रंग भरायचा, राख? पण तो घरात नसला की ती एकेक फोटो उजेडाला धरून बघायची. विमलबाईला औशाला पाठवता आली. हिला कुठं पाठवणार? दर वाऱ्याला नवी. म्हातारी होत नाही, बाळंत होत नाही, अंगावर कसला व्रण राहत नाही. पुढच्या पुरात धुऊन निघाली की परत कोरी. सवत कसली असावी, तर अशी, की तिच्यात नाव ठेवायला जागाच नको!

चैत्रात एकदा संध्याकाळी टपोरे अवकाळी थेंब पडले, पाच मिनिटं, पाऊस म्हणण्याजोगे नव्हेतच. दुसऱ्या दिवशी शांतलिंग उजाडायच्या आत नदीवर. त्याचे फोटो आले तेव्हा रुद्रम्मानं पाहिलं, वाळूत थेंबाथेंबाचे खळगे पडले होते. "ह्येबी आवडलं का तुमाला?" तिनं विचारलं. "लई," तो म्हणाला. तिचा हात नकळत गालाकडं गेला आणि तिनं पदर पुढं ओढला. वाळूचे खळगे चालतात, असं तिच्या मनात आलं, आणि ते दिवसभर गेलं नाही.

आठवड्यानं शांतलिंग अणदूरला एका लग्नाला गेला. रुद्रम्मानं खोका आवरायला घेतला. सगळ्यात खाली, तलम कागदात वेगळा गुंडाळलेला एक फोटो होता. तोही खळग्यांचा. पण बाकीच्यांपेक्षा कितीतरी सरस. उजेड एका बाजूनं आडवा आलेला, प्रत्येक खळग्यात अर्धी सावली, अर्धा प्रकाश, आणि वाळू इतकी मऊ, की हात लावावा. हा वेगळा जपून ठेवलाय. म्हणजे हीच. सगळ्या नदीतली ही त्याची आवडती.

तिनं पाट ओढला. पांढरा रंग कालवला, त्यात काळ्याचा एक थेंब टाकला. दुसऱ्या बायकांचे बुजवले, तसेच हिचे बुजवून टाकू. बघू मग काय उरतं तिच्यात! कुंचल्याचं टोक ओठांत ओलं करून तिनं वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. एक खळगा बुजवला, दुसरा, पाचवा. हात भराभर चालत होता. जिवाला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. अर्धा फोटो सपाट झाला, आणि कुंचला खालच्या कोपऱ्याशी आला. तिथं तीन ठिपके होते. खळगे नव्हेत, ठिपके. त्यात सावली नव्हती. एकाखाली दोन.

रुद्रम्मानं कुंचला खाली ठेवला आणि आपल्या ओठाखाली बोट लावलं.

माळवदाच्या सपाट छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक असतं, साणं म्हणतात त्याला. दुपारी त्यातून तिरपं ऊन तिच्या चटईवर यायचं. जेवणं झाली की ती तिथंच घटकाभर आडवी व्हायची. तिनं फोटो उलटा केला. शांतलिंग प्रत्येक फोटोमागं पेन्सिलीनं दिवस लिहायचा. लिहिलं होतं, 'श्रावण, सोमवार'. नदीला तेव्हा पूर होता. वाळूचा एक कणसुद्धा उघडा पडलेला नव्हता.

तिसऱ्या प्रहरी शांतलिंग आला. तिनं तो फोटो त्याच्यापुढं टाकला. त्यानं उचलला, अर्ध्या भागाकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"का बुजवलंस गं?"

"वाळू वाटली मला." तिनं कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "कवा काढला?"

"तू निजली होतीस. मोठा कॅमेरा हळूच आणून ठिवला, जवळून यावं म्हणून त्याचा भाता पार ताणला. उजेड असा पडला होता तोंडावर... ऱ्हावलं न्हाय." तो फोटोकडंच बघत होता. "हा पयला. मग वाटलं, असं आणि कुठं दिसतंय का बघावं. म्हणून नदीला गेलो."

विमलबाईवर जळणं, वाळूवर जळणं, चार महिन्यांची उडालेली झोप, सगळं रुद्रम्माच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्या पाठोपाठ जुनं जळणंही आलं. चटईवर निजलेल्या त्या बाईचा तिला हेवा वाटला. तिच्याकडं यानं बघितलं. माझ्याकडं कुठं?

"निजलेलीला बघतावं," ती म्हणाली. "जागीला कवा बघणार?"

"जागी असलीस की तू तोंड फिरवतीस," शांतलिंग म्हणाला. "बारा वर्षं फिरवतीस. मी काय करू?"

ती उठली, पुढं दुकानात गेली, बाजारपेठेकडचं दार आतून लावून घेतलं. समुद्राचा पडदा ओढून बाजूला सारला, मागची पांढरी भिंत उघडी झाली. खुर्ची तिच्यापुढं ठेवून बसली. पावडर लावली नाही. पदर डोक्यावरून खाली घेतला आणि तोंड खिडकीकडं, उजेडात धरलं.

मागोमाग आलेला शांतलिंग सवयीनं काळ्या कापडाकडं वळला.

"कापड ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आदी असंच बघा."

तो उभा राहून बघायला लागला. अवघड होतं. तिचे कान तापले, मान आपोआप वळायला लागली, ती तिनं धरून ठेवली. डोळ्यांतून पाणी आलं तरी पुसलं नाही. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दाराची कडी वाजवली. नवं जोडपं असावं, बाईच्या बांगड्या वाजत होत्या.

"थांबा जरा," रुद्रम्मा मान न हलवता ओरडली, "आत गिऱ्हाईक हाय."